शिफ्टवाल्याला वाट

नाहूर, १३ डिसेंबर १९८७

सहदेव,

‘प्रिय’ लिहावं की नको या विचारात चहा गार झाला, म्हणून नुसतंच सहदेव. माझी आधीची दोन पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. पोस्टमनने ती मीराच्या हातात दिली, आणि तिने ती फळीवर डब्यांच्या मधोमध उभी करून ठेवली. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? म्हणून या वेळी पाकिटावर पाठवणारी म्हणून तुझ्या आईचं नाव घातलंय. शेवंतीकाकीला विचारूनच घातलं. ती म्हणाली, “घाल मेल्या. माझा नाव आणि काय खराब होतला?”

बातमी ही की दशरथ गेला. तुरुंगातच, काविळीने. पेपरात आतल्या पानावर पाच ओळी होत्या. नगरसेवक धोंडिराम मास्तरांच्या खुनातला जन्मठेपेचा कैदी, वय एकेचाळीस. त्या मी कारखान्याच्या कँटीनमध्ये वाचल्या आणि डबा तसाच बंद केला. वाईट वाटलं असं नाही म्हणवत. आता त्याला विचारायची सोय राहिली नाही, हे पहिलं मनात आलं.

चाळीत काय सुरू झालं असेल ते तू ओळखशील. आपल्याकडे आता दोन पक्ष आहेत, एकट्यावाले आणि टोळीवाले. एकट्यावाले म्हणतात, कोर्टाने सांगितलं तेच खरं. नळाच्या लाइनसाठी दशरथची झोपडी हलवली, बदल्यात जागा मिळाली नाही, त्याने राग मास्तरांवर धरला आणि एकट्यानेच केलं. टोळीवाले म्हणतात, ज्यांचा डोंगराच्या जमिनीवर डोळा होता त्यांनी त्याला पाठवला आणि आपल्यातल्याच कुणीतरी त्याला स्टेजवर चढवला. टोळीवाल्यांचा पुढारी आपला नंदकिशोर. सलूनच्या खुर्चीत बसला, अर्ध्या गालाला साबण लागला, की हा सुरू. “यार, एकटा माणूस हारात सुरा लपवून एवढ्या स्वयंसेवकांमधून वर जातो? सोडलं कोणी त्याला? बोल ना!” सगळे तुझ्या आईच्या दाराकडे बघतात.

कारण स्टेजच्या पायरीवर तू होतास.

आता मुद्द्याचं. मास्तरांच्या नावाने वाचनालय होतंय, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत. दाराशी संगमरवरी पाटी बसणार. नळासाठी मास्तरांबरोबर पहिल्या दिवसापासून राबले त्या अकरा जणांची नावं त्यावर कोरायची आहेत. दहा ठरली. अकरावं तुझं. ते घालायचं की नाही हे २६ जानेवारीला, मास्तरांच्या पुण्यतिथीच्या सभेत ठरणार. काकी म्हणते, नाव नसलं तर ती खोली सोडून तुझ्याकडे कणकवलीला येईल. “सात वर्सां ह्या दाराक मी कुलूप लावूक नाय. लोक म्हणतले, पळाली. पण पाटयेर झिलाचा नाव नसला तर मी हय कोणासाठी बसू?” तिला मी इतकं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तुझ्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. मी बोलेन, आपल्याला माइक काही नवा नाही. पण काय बोलायचं ते नीट लिहून पाठव. दशरथ ‘शिफ्ट आहे’ म्हणाला म्हणून सोडलं, असं तू पोलिसांना सांगितलंस ते ठाऊक आहे. स्टेजवरून कुणीतरी हात केला, असंही तू काकीला एकदा म्हणाला होतास म्हणे. त्या गडबडीत कोण कुठे होतं, माझ्याही नीट लक्षात नाही. मी माइकवर हारवाल्यांची नावं वाचत होतो.

राधा पहिलीत आहे. मीरा बरी आहे. वहिनींना नमस्कार.

शिवदास


नाहूर, २७ डिसेंबर १९८७

सहदेव,

तुझं कार्ड आलं. सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तेच, उजवीकडे कललेलं. आणि एकच ओळ: ‘हात कोणी केला ते लिहिले नाहीस.’

बंद पाकिटात तरी पाठवायचं. पोस्टमनने वाचलं, मग मीराने वाचलं, मग मी. मीरा भाकरी थापता थापता म्हणाली, “काय हो, कुणी केला हात?” मी म्हटलं, जुनं काहीतरी आहे. ती म्हणाली, “जुनं आहे ते कळलं. कुणी केला?”

मी केला.

बघ, लिहून झालं. दोन शब्दांना सात वर्षं लावली. आता सगळं लिहितो, म्हणजे तुला माझ्या शब्दांत मिळेल, आणि उद्या मी फिरलो तर तू हे पत्र काढून दाखवू शकशील.

मास्तरांच्या सत्कारात मी हारवाल्या मंडळांची नावं वाचत होतो. तेवढ्यात खालून तू ओरडलास, “शिवा, शिफ्टवाला आहे रे, आधी घेऊ?” मी माइकवर तळवा ठेवला आणि दुसऱ्या हाताने ‘ये’ केलं. दशरथकडे नीट पाहिलंही नाही. झेंडूचा जाड हार दिसला, एवढंच. मी पुढचं नाव वाचायला कागदाकडे वळलो आणि मागे मास्तर खाली पडल्याचा आवाज आला.

आपल्याकडे तेव्हा शिफ्टवाल्याला कुणी अडवायचं का? तूच सांग. तुझ्या लग्नात माझा चुलता पहिल्या पंगतीत घुसला, शिफ्ट आहे म्हणून. पाण्याच्या रांगेत, रॉकेलच्या रांगेत, गणपतीच्या दर्शनाला, अगदी मयताच्या तोंडात पाणी घालायलासुद्धा शिफ्टवाला आधी. गेटवर उशीर झाला की खाडा, म्हणून त्याला वाट द्यायची. बाप-आज्याच्या गिरणीतली ही रीत. आपण ती डोक्याने पाळत नव्हतो, शब्द कानावर पडला की पाय आपोआप बाजूला व्हायचे. दशरथ आपल्यातच वाढला. त्याला हे माहीत होतं.

आणि आपण दोघं बैल! त्या दिवशी २६ जानेवारी होती, सहदेव. सगळे कारखाने बंद. सकाळी आपण झेंड्याला सलाम करून जिलबी खाल्ली होती. आपल्या स्वतःला सुट्टी होती म्हणूनच तर तू पायरीवर होतास आणि मी माइकवर. एकाच्याही डोक्यात आलं नाही की आज शिफ्ट कसली. पोलिसांच्या मात्र लगेच आलं. ‘सव्वीस जानेवारीला शिफ्ट आहे म्हणाला आणि तू सोडलंस? कुणाला शिकवतोस?’ तुझं खरं होतं, म्हणूनच ते खोटं वाटलं. त्यांनी तुला अकरा दिवस ठेवलं.

माझा जबाब दहा मिनिटांत झाला. साहेबाने विचारलं, “तुम्ही काय पाहिलंत?” मी म्हटलं, मी नावं वाचत होतो, मला काही दिसलं नाही. मीराला सातवा महिना होता. मी तेव्हा बदली कामगार होतो, कायम व्हायला दोन महिने उरले होते. ही कारणं खरी आहेत. पण खरं कारण भीती. मी घाबरलो, रे. उद्या सांगू म्हटलं, मग परवा, मग तू सुटून आलास आणि माझ्या दारावरून मान खाली घालून गेलास. त्यानंतर सांगायचं तर आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. आणि तू बायकोला घेऊन कणकवली गाठलीस.

तू अकरा दिवसांत माझं नाव घेतलं नाहीस. एकदाही. हे मला तेव्हाही माहीत होतं, कारण पोलीस पुन्हा माझ्याकडे आलेच नाहीत.

हे सगळं मी मीराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “काकीला येणारी त्यांची पत्रं सात वर्षं मीच वाचून दाखवते. प्रत्येक पत्रात शेवटी असतं, शिवाची पोर कशी आहे. तुम्हाला कधी विचारावंसं नाही वाटलं, तुमच्याशी न बोलणारा माणूस तुमच्या पोरीची चौकशी का करतो?” मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

शिवा


नाहूर, १० जानेवारी १९८८

सहदेव,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परत आलं नाही, एवढ्यावर मी खूश आहे.

काकीला सांगितलं. सकाळी गेलो, ती तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच बोललो, बसायची हिंमत नव्हती. तिने सूप खाली ठेवलं, उठली आणि माझ्या थोबाडीत लगावली. अंगात काडी नाही, पण हात अजून गिरणीवालीचा आहे. नंतर भिंतीला टेकली. मग म्हणाली, “लागला काय रे?” मी म्हटलं, लागलं. म्हणाली, “बरा झाला. जेवलंस?” मी रडलो. तिने माझ्यासमोर ताट वाढलं आणि मी ते संपवेपर्यंत उरलेले तांदूळ निवडत बसली.

मग एक गंमत झाली. गंमत म्हणू नये, पण ऐक. स्टेशनच्या बाहेर फुलं घेऊन बसते ती मालनबाई, साताऱ्याकडची. वाचनालयाच्या हारांची ऑर्डर द्यायला गेलो होतो. सहज म्हटलं, बाई, तो हार तुमच्याकडचाच होता ना? तिचा चेहरा उतरला. हातातली सुई तशीच धरून म्हणाली, “दादा, मला बी तसंच म्हनला. शिफ्ट हाय, आधी दे. म्होरं चार गिऱ्हाइकं हुती, त्यांना थांबवलं आन् त्याला दिला. कुनाला सांगू नगा. मी नेमानं आंबेडकर जयंतीला मास्तरांच्या फोटूला बी हार घालते, पैलं त्यांची माफी मागते.”

मी घरी येईपर्यंत विचार करत होतो. तिच्याकडून हार, मग मैदानाची दोरी, मग हारांची रांग, मग तू, मग मी. दशरथने हा शब्द किती जणांना सांगितला असेल? प्रत्येकाला वाटत असेल, सोडलं ते आपणच, दुसऱ्याने कुणी नाही. आणि आपलं नाव निघू नये म्हणून प्रत्येक जण तुझ्या आईच्या दाराकडे बघत असेल. मी तर बघतच होतो.

२६ ला मी बोलणार. पोलीस पुन्हा बोलावतील का माहीत नाही. फोरमनला कळलं तर तो काय म्हणेल तेही माहीत नाही. मीराला म्हटलं, माझी काही वाट लागली तर? ती म्हणाली, “लागली तर लागली. निदान त्या दोन पाकिटांची जागा फळीवर मोकळी होईल, डाळीचा डबा बसेल.”

तू आला असतास तर बरं झालं असतं. येणार नाहीस, ठाऊक आहे.

शिवा


नाहूर, २७ जानेवारी १९८८

सहदेव,

काल सभा झाली. कामावर जायच्या आधी लिहायला बसलोय. मीराने डबा भरून ठेवलाय आणि घड्याळाकडे बोट दाखवतेय.

माइक माझ्याकडेच होता, नेहमीसारखा. मंडपात दीड-दोनशे माणूस असेल. क्षमावहिनी अध्यक्षस्थानी, नवऱ्याच्या फोटोशेजारी. वहिनी आता पूर्ण पांढऱ्या झाल्यात, पण पाठ अजून ताठ. पाटीचा विषय निघाला आणि नंदकिशोर उठला. “मी कुणाचं नाव घेत नाही. पण ज्याने सोडलं त्याचं नाव मास्तरांच्या पाटीवर? दशरथ मेला म्हणजे प्रकरण मिटलं काय?” टाळ्या पडल्या. मला वाटलं, आता नाही बोललो तर मेलो तरी बोलणार नाही.

मी भाषण लिहून नेलं होतं, झकास सुरुवात वगैरे. तो कागद खिशातच राहिला. मी म्हटलं, “सहदेवने विचारलं होतं, घेऊ का? हात मी केला. तो शिफ्ट आहे म्हणाला, म्हणून.” एवढंच. मग पुढचं सगळं सांगितलं, जबाब, मीराचा सातवा महिना, माझी कायमची नोकरी. आवाज फाटत होता. माइकवाला खालून खुणेने सांगत होता, लांब धरा, लांब धरा.

नंदकिशोर ओरडला, “मग तूच सामील होतास!”

मी नव्हतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? हेच तर तू सात वर्षं सहन केलंस.

मागून मालनबाई उभी राहिली. एवढ्या माणसांत ती बाई कधी बोलली नसेल. “मला बी म्हनला हुता, शिफ्ट हाय. मी आधी हार दिला.” आणि मटकन बसली. मग मंडपवाला दादू उठला. त्याने दोरी वर करून दशरथला आत घेतलं होतं. मग पाणी वाटणाऱ्या दोघी बहिणी. मग भजनी मंडळाचे म्हातारे श्यामकांत, ज्यांचा हार दोन नंबरला होता आणि ज्यांनी “जा बाबा, तुला गेटावर पोचायचंय” म्हणून आपली जागा सोडली होती. ते काठी आपटत म्हणाले, “अरे, मी रिटायर होऊन चार वर्षं झालेली. मला काय ठाऊक कुणाला सुट्टी, कुणाला नाही!” कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, आणि त्यातच काही जण डोळे पुसायला लागले. मी मोजलं नाही, पण सात-आठ जण तरी उभे होते.

नंदकिशोर बसून होता. आठवतं ना, हारांच्या रांगेच्या तोंडाशी कोण होतं? मी त्याच्याकडे पाहिलं नाही. काकीनेही पाहिलं नाही. तिने पदर नीट केला आणि समोर बघत राहिली.

क्षमावहिनी उठल्या. माइक घेतला नाही. म्हणाल्या, “दशरथच्या मागे कुणी होतं की नाही, मला माहीत नाही. असेलही. आता कळेल असं वाटत नाही. पण यांना आपल्याच माणसांनी विकलं, या विचाराने मी सात वर्षं जळतेय. सहदेव माझ्या हातचं जेवलेला मुलगा. त्याच्या आईशी मी सात वर्षं बोलले नाही.” त्यांनी मंडपावरून नजर फिरवली. “आज कळलं, कुणी विकलं नाही. तुम्ही रोज वागायचात तसे वागलात.”

मग त्या स्टेजवरून उतरल्या. गर्दी बाजूला झाली. काकीच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि तिचा हात हातात घेतला. काकी काय म्हणाली असेल? “बाय, तुझी पाठ दुखत आसतली, टेकान बस.”

पाटीवर तुझं नाव येतंय. हात वर करायला सांगितलं तेव्हा विरोधात एकही नाही. वहिनींनी आणखी एक केलं. मास्तर गेल्यापासून आपल्याकडे रांगेत कुणालाच पुढे सोडत नाहीत, हे तुला माहीत नसेल. गेल्या उन्हाळ्यात नळावर थांबून थांबून दोघांचा खाडा झाला, तरी कुणी हललं नाही. वहिनी म्हणाल्या, “ते बंद करा. शिफ्टवाल्याला वाट द्या. एका माणसापायी ही रीत सोडायची नाही.”

संध्याकाळी दारावर थाप पडली. नंदकिशोर. आत आला नाही. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, “सहदेवचा पत्ता दे.” मी लिहून दिला. त्याने तो कागद चार वेळा घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, “मी त्याला काय लिहू, रे?” मी म्हटलं, सुरुवात करताना ‘प्रिय’वर अडून बसू नकोस. तो काय लिहील सांगता येत नाही. आलं तर फोड.

वाचनालयाचं उद्घाटन १४ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता. काकीने तुझ्यासाठी पांढऱ्या वाटाण्यांची उसळ ठरवून ठेवलीय, मीरा घावणे करणार. राधाने विचारलं, “ते काका कोण, जे मला विचारतात?” मी म्हटलं, आले की बघशील. चुकून म्हणून गेलो. आता तू आला नाहीस तर पोरीसमोर माझी पंचाईत.

मी या वेळी माइक घेणार नाही. नंदकिशोरला दिलाय, घसा बसेपर्यंत बोलू दे त्याला. मी पायरीवर उभा राहणार, तुझ्या जागेवर. मास्तरांच्या फोटोला हार घालायला मोठी रांग असेल. तू कणकवलीहून येणार, एस.टी. कधी वेळेवर पोचलीय? तुला उशीर होईल आणि तू आपला मागे मान खाली घालून उभा राहशील, मला तू माहीत आहेस. तसं करू नकोस. सरळ पुढे ये आणि म्हण, शिफ्ट आहे.

रविवार आहे. कुणालाच शिफ्ट नाही. तरी म्हण. मी सोडतो.

तुझा,
शिवा